पान्यू, खान्फू, कँटन: ग्वांगचौच्या नावांमागे

सोमवार

सोलापुरात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. कड्या-कोयंडे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या. त्यामुळे 'कँटन' हा शब्द आमच्या घरात बाजार समितीइतकाच जुना. नवरा एप्रिलमध्ये 'कँटन करून' येतो, म्हणजे दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौ शहराचा व्यापारी मेळा बघून. यंदा म्हटलं, मीही येते. तू स्टॉल बघ, मी गाव बघते.

हाँगकाँगच्या वेस्ट कौलून स्टेशनात दोन्ही बाजूंची तपासणी एकाच इमारतीत उरकते आणि गाडी तासाभरात पोचवते. उतरलो ते ग्वांगचौ दक्षिण स्टेशनात. पाट्या, नकाशे, तिकिटं, कुठेही कँटन नाही. नवऱ्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर मात्र ठळक अक्षरात 'कँटन फेअर'. हा मेळा १९५७ पासून वसंतात आणि शरदात भरतो. चिनी लोक त्याला 'ग्वांगच्याओ-हुई' म्हणतात, परदेशी गिऱ्हाइकासाठी तेवढं 'कँटन' राखून ठेवलंय.

खरं तर कँटन हे या शहराचं नाव कधी नव्हतंच. पोर्तुगीजांनी इथे येऊन प्रांताचं नाव ऐकलं, ग्वांगदोंग, आणि त्याचं 'कांतांव' केलं. इंग्रजांनी त्याचं कँटन केलं. म्हणजे कुणी दर्यावर्दी मुंबईला उतरला आणि जन्मभर तिला 'महाराष्ट्र' म्हणत राहिला, तसं. पोर्तुगीजांची वकिलात १५१७ मध्ये इथे आली. वकील टोमे पिरेस हा मूळचा औषधविक्या, आधी हिंदुस्थानात मसाल्यांचा आणि औषधी द्रव्यांचा कारभार बघून आलेला. वकिलात फसली आणि पिरेस याच शहरात कैदेत पडला. पुढे नदीच्या मुखाशी मकाव वसलं, आणि त्या मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या हाताखाली होता. पणजीहून सुटलेलं फर्मान इथल्या खाडीत लागू व्हायचं, हे शाळेत कुणी शिकवलं नाही.

आणखी एक. हे स्टेशन ज्या भागात आहे त्याचं नाव पान्यू. आज तो शहराच्या दक्षिणेचा एक जिल्हा, उंच इमारतींचा. पण शहराचं सगळ्यात जुनं नाव तेच. त्याकडे बुधवारी येते.

मंगळवार

नवरा सकाळीच फाच्चौच्या प्रदर्शनाला गेला. मी 'याम चा' करायला. शब्दशः चहा पिणं, पण चहा हे निमित्त. बांबूच्या करंड्यांतून येणारी वाफाळती पुरचुंडी एकामागून एक खायची आणि दोन-दोन तास बसायचं. पहिला चहा प्यायचा नसतो, त्याने वाट्या-चमचे विसळायचे. कुणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करायची, तेच धन्यवाद. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं. मला हे फार आवडलं, 'अहो भाऊ, जरा इकडे' करावं लागत नाही.

गर्दीमुळे माझ्या टेबलावर एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. फोनमधल्या भाषांतरावर गप्पा. मी इथल्या नावांच्या मागे आहे म्हटल्यावर आजोबांनी खिशातून मेट्रोचं कार्ड काढून समोर ठेवलं. कार्डाचं नाव 'यांगछंग-थोंग'. यांगछंग म्हणजे बोकडांचं शहर. संध्याकाळच्या वर्तमानपत्राच्या नावातही यांगछंगच. आजी म्हणाल्या, 'स्वेइ'सुद्धा लिहा. स्वेइ म्हणजे धान्याचं कणीस. एकाच अक्षरात शहर लिहायचं असेल, मथळ्यात किंवा कंपनीच्या नावात, तर ते कणीस वापरतात.

दोन्हीमागे गोष्ट एकच. या भागात दुष्काळ पडला तेव्हा पाच रंगांचे झगे घातलेले पाच सिद्धपुरुष पाच बोकडांवर बसून आकाशातून आले. लोकांना धान्याची कणसं दिली, इथे पुन्हा उपासमार होऊ नये असा आशीर्वाद दिला आणि निघून गेले. बोकड मागे राहिले, त्यांचा दगड झाला. युएश्यू पार्कच्या टेकडीवर ते बोकड आहेत, म्हणजे १९६० च्या सुमारास घडवलेलं शिल्प. सगळ्यात मोठ्याच्या तोंडात कणीस, पायाशी पिल्लू पाडस. पर्यटकांची रांग फोटोसाठी. शिल्प देखणं आहे, पण मला त्याहून जुन्या वस्तीतलं पंचसिद्धांचं देऊळ भावलं. आताच्या जागेवर ते १३७७ पासून आहे. अंगणात एक लाल खडक, त्यावर मोठा खळगा: सिद्धपुरुषाच्या अंगठ्याचा ठसा. मागे १३७८ मध्ये ओतलेली प्रचंड घंटा, जिला लोलकच नाही. ती वाजली की शहरावर संकट येतं म्हणून ती 'निषिद्ध घंटा'. आशीर्वाद देणारं देऊळ आणि न वाजवायची घंटा एकाच आवारात. मला हा बंदोबस्त शहाणपणाचा वाटला.

पार्कात उतरताना एक ओळखीचं झाड दिसलं. काटेरी खोड, आडव्या फांद्या, पानं नुकती फुटलेली, खाली एखाददुसरं जाड लाल फूल. काटेसावर. ग्वांगचौचं मानाचं फूल हेच. आपल्याकडे होळीच्या सुमाराला फुलते, इथेही तेव्हाच. मी येईपर्यंत बहर संपला होता. पडलेली फुलं लोक वेचून वाळवतात आणि उन्हाळ्यात काढ्यात घालतात. शहराला 'ह्वाछंग', म्हणजे फुलांचं शहर, असंही नाव आहे, चिनी नववर्षाच्या आधी भरणाऱ्या फुलबाजारामुळे. दिवाळीआधी झेंडूसाठी मंडईत जे चालतं, तेच.

बुधवार

आज राजाच्या घरी. १९८३ मध्ये इमारतीसाठी एक टेकडी खणताना दगडी थडगं लागलं: नान्यूए राज्याचा दुसरा राजा चाओ मो.

छिन साम्राज्याच्या सैन्याने हा दक्षिणेचा मुलूख इसवी सनापूर्वी २१४ मध्ये जिंकला आणि नदीकाठी ठाणं वसवलं, पान्यू. जवळच्या दोन टेकड्यांची नावं जोडून ते झालं असं सांगतात. दहा वर्षांत साम्राज्य कोसळलं तेव्हा चाओ थुओ नावाच्या सेनापतीने वाटा रोखल्या आणि स्वतःचं राज्य उभारलं. चाओ मो हा त्याचा नातू. उत्तरेच्या हान बादशहापुढे हे स्वतःला राजा म्हणवत, घरात मात्र सम्राट. पुरावा थडग्यातच मिळाला: नागमोडी ड्रॅगन बसवलेला सोन्याचा शिक्का, त्यावर 'सम्राट वन' यांची मुद्रा. मांडलिकपणाची ही दोन तोंडं आपल्याला दक्खनच्या इतिहासामुळे काही नवीन नाहीत.

राजाच्या अंगावर हिरवट जेडचा पोशाख आहे. २,२९१ तुकडे, रेशमाच्या दोऱ्याने ओवलेले. तो बघायला सगळे थांबतात. मी थांबले शेजारच्या कपाटाशी. तिथे इराणी घडणीची चांदीची डबी आणि आफ्रिकी हत्तींचे सुळे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ही चीज इथे पोचली म्हणजे कुणीतरी समुद्रातून आलं होतं. पुढे शहराची जी जी नावं आली, ती आणणारी वाट एवढी जुनी.

हानांनी इसवी सनापूर्वी १११ मध्ये नान्यूए गिळलं. ग्वांगचौ हे नाव आलं इसवी सन २२६ मध्ये. वू राज्याच्या सुन छ्वान याने दक्षिणेच्या एका मोठ्या सुभ्याचे दोन केले, त्यातल्या एकाचं नाव ग्वांगचौ. 'ग्वांग' म्हणजे विस्तीर्ण, 'चौ' म्हणजे सुभा. पण ते सुभ्याचं नाव. गाव पान्यूच राहिलं. गावाला सुभ्याचं नाव चिकटत चिकटत पक्कं झालं, आणि नगरपालिका होऊन शहर म्हणून ग्वांगचौ सरकारी कागदावर आलं ते १९२०च्या दशकात. थोडक्यात, चिनी नाव काय आणि पोर्तुगीज नाव काय, दोन्ही आधी मुलखाची, मग गावाची.

संध्याकाळी बेजिंग रोडवर. खरेदीच्या रस्त्याच्या मधोमध काच घातली आहे आणि खाली थांग राजवटीपासूनचे (सातवं ते दहावं शतक) रस्ते एकावर एक, थरावर थर. वरून आइस्क्रीम खाणारी पोरं चालली होती. खूप वेळ उभी राहिले.

गुरुवार

पाऊस. इथे वसंतात दक्षिणेचा दमट वारा आला की भिंतींना आणि फरशीला पाणी सुटतं. हॉटेलातल्या बाईने दारात पुठ्ठे पसरले होते.

भिजत गेले ग्वांगथा रस्त्यावर, ह्वायशंग मशिदीला. आत सगळ्यांना सोडत नाहीत. मिनार मात्र भिंतीवरून दिसतो, पांढरा, गुळगुळीत, एखाद्या भट्टीच्या धुराड्यासारखा उंच. नाव 'ग्वांगथा', दीपस्तंभ. थांग काळी नदी इथवर होती आणि जहाजांना यावरून दिशा मिळे. आज नदी किलोमीटरभर दूर सरकली आहे. आसपासची वस्ती तेव्हा परदेशी व्यापाऱ्यांची. अरबांच्या लेखनात शहराचं नाव 'खान्फू'. नवव्या शतकात ह्वांग छाओ नावाच्या बंडखोराने शहर घेतलं आणि परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल केली. अबू झैद या अरबाने मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती आणि अग्निपूजक मिळून १,२०,००० मेल्याचं लिहिलंय. आकडा फुगवलेला असेलही. पण एवढे परके इथे राहतात हे त्याच्या वाचकांना पटण्यासारखं होतं, हीच मोठी गोष्ट.

मग ग्वांगश्याओ विहार. उज्जैनचे परमार्थ ५४६ मध्ये चीनमध्ये समुद्रमार्गे उतरले ते याच बाजूला, आणि आयुष्याची शेवटची वर्षं याच शहरात संस्कृत ग्रंथ चिनीत आणत ५६९ मध्ये गेले. अंगणात बोधिवृक्ष आहे. याच विहारात वारा हलतो की पताका, यावर भांडणाऱ्या भिक्षूंना हुइनंग या झेन गुरूने तुमचं मन हलतंय म्हणून गप्प केल्याची गोष्ट सांगतात. पश्चिमेकडे ह्वालिन विहारापाशी 'पश्चिमेहून आलेल्याचं पहिलं ठिकाण' अशी पाटी. दक्षिण हिंदुस्थानातून आलेले बोधिधर्म जहाजातून उतरले ते इथे, अशी श्रद्धा. आज तिथे जेडचा घाऊक बाजार आहे आणि कानठळ्या बसवणारी घासाघीस.

ओल्या चपला काढून हॉटेलात बसले आणि ज्यासाठी ही यात्रा करायची होती ते टिपण वाचलं. इत्सिंग हा चिनी भिक्षू ६७१ मध्ये याच बंदरातून जहाजात बसून सुमात्रामार्गे हिंदुस्थानात आला आणि नालंदात शिकला. त्याने नोंदवलंय की हिंदी लोक ग्वांगचौला 'चीन' म्हणतात आणि राजधानीला 'महाचीन'. आपण ज्या शब्दाने अख्खा देश ओळखतो, तो आपल्या पूर्वजांच्या तोंडी त्या काळी या एका बंदराचा होता. समुद्रातून आलेल्याला जे दिसलं तेच त्याने देश मानलं. पोर्तुगीजांनी प्रांत गावाला दिला, आपण देश गावाला दिला. कोकणातल्या बंदरावर उतरून त्याला हिंदुस्थान म्हणणारेही असतीलच.

शुक्रवार

आकाश उघडलं. मेट्रोची तेरा नंबरची लाइन धरून पूर्वेला नान्हाय देवळाला, दक्षिण समुद्राच्या देवाला. सुइ वंशाच्या बादशहाने ५९४ मध्ये हे देऊळ बांधायचा हुकूम दिला. जहाज निघण्याआधी इथे पूजा, परतल्यावर पुन्हा पूजा. दारात आता समुद्र नाही, नदीही लांब. गाळ भरत गेला आणि बंदर कोरडं पडलं. दगडी धक्का मात्र खणून काढला आहे, गवतात.

लोक या देवळाला सरकारी नावाने हाक मारत नाहीत. ते म्हणतात 'पोलो म्याओ', पोलोचं देऊळ. दुसऱ्या चांद्र महिन्यात जत्रा भरते तीही पोलोची. पोलो म्हणजे काय, हे आवारात शिरताच समजलं. माझं माहेर देवगडकडचं आहे, फणस ओळखायला मला पाटी लागत नाही. खोडाला लगडलेले हिरवे कुयरे, एप्रिलमध्ये असतात तेवढेच. चिनीत फणस म्हणजे पोलोमी.

गोष्ट अशी. थांग काळात पोलो नावाच्या देशाचा एक दूत, भारताकडचा, परतीच्या वाटेवर होता. जहाज थांबलं, तो देवदर्शनाला उतरला. देऊळ बघता बघता रमला, बरोबर आणलेल्या फणसाच्या आठळ्या अंगणात लावल्या. तोवर वारा फिरला आणि जहाज त्याला सोडून निघून गेलं. तो रोज किनाऱ्यावर उभा राहून, कपाळावर हात धरून, समुद्राकडे बघत राहिला. तिथेच मेला. गावकऱ्यांनी त्याला चिनी दरबारी झगा आणि टोपी घालून देव केलं, नाव दिलं ताशी. गाभाऱ्याच्या बाहेर डाव्या हाताला तो उभा आहे: काळा चेहरा, पायात बूट, एक हात कपाळावर आडवा. लोकांच्या तोंडी त्याचं नाव 'पोलोकडे बघणारा परका'.

मी त्याच्यासमोर बरीच रेंगाळले. एवढ्या मोठ्या सागरदेवाचं देऊळ, बादशहांच्या सनदा, हान यू या कवीच्या मजकुराचा शिलालेख, आणि नाव कुणाचं लागलं? जहाज चुकलेल्या माणसाच्या फणसाचं. शेजारी एक बाई नातवाला गोष्ट सांगत होती. नातू कपाळावर हात धरून मूर्तीची नक्कल करत होता. बाहेर कागदाचे, पिसं लावलेले कोंबडे विकायला होते. ते या जत्रेचंच वाण, एक घेतला.

दुपारी युझू धक्क्यावरून फेरीने छांगचौ बेटावर. बहुतेक लोक उतरतात ते ह्वांगपू लष्करी अकादमी बघायला. चिनी क्रांतीचे नेते सुन यत-सेन यांनी ती १९२४ मध्ये उघडली. पुढचे राष्ट्रवादी नेते च्यांग कै-शेक प्रमुख, पुढचे कम्युनिस्ट नेते चौ एन-लाय राजकीय विभागात. पुढे ज्यांनी एकमेकांविरुद्ध युद्धं केली, त्यांनी एकाच मैदानावर कवायत केली. मला जायचं होतं टेकडीच्या बाजूला, पारशी कबरींकडे.

हो, पारशी. मुंबईचे. चिनी लोक त्यांना त्यांच्या पांढऱ्या पगड्यांवरून 'पांढऱ्या डोक्याचे' म्हणत. १७५७ पासून परदेशी व्यापाराला चीनमध्ये हे एकच बंदर उघडं होतं. इंग्रज, डच, अमेरिकी, सगळ्यांची वखार शहराबाहेर नदीकाठी, 'तेरा होंग' म्हणून. मोठी जहाजं मात्र खाली ह्वांगपूला नांगर टाकत आणि तिथेच मेलेले बेटांवर पुरले जात. गिधाडं नव्हती, प्रेतं ठेवायचा दखमा नव्हता. पारशांना इथे मातीच पत्करावी लागली. दगडी पेट्यांसारख्या कबरी, त्यावर गुजराती आणि इंग्रजी अक्षरं. वर झाडी माजलेली.

मुंबईहून इथे काय यायचं? कापूस. आणि माळव्याची अफू. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी कँटनच्या वाऱ्या करत. १८०५ मध्ये 'ब्रन्सविक' जहाज फ्रेंचांनी पकडलं तेव्हा त्यावर तेही होते, आणि जहाजाचा डॉक्टर होता विल्यम जार्डिन, पुढे अफूच्या व्यापारातला बडा स्कॉटिश व्यापारी. त्या ओळखीतून पैसा झाला. त्या पैशातून जे.जे. हॉस्पिटल (१८४५), जे.जे. कला शाळा. माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी अवाबाईंच्या देणगीतला. माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन जे.जे.त झालं, मी त्या आवारात रात्री काढल्या आहेत. इथे १८३९ मध्ये लिन झ-श्यू या अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या २०,२८३ पेट्या ताब्यात घेतल्या आणि खाली हूमनच्या किनाऱ्यावर चुना-मीठ घालून नासवल्या. त्यात मुंबईचा माल किती असेल हे सोपं गणित आहे. पुढे युद्ध झालं, चीन हरला. जमशेटजींचं दान खोटं नव्हतं, पण त्याची पावती इथल्या घराघरांत फाटली. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारी एक पाटी जे.जे.च्या दारात लावायला काय हरकत आहे?

शनिवार

नवऱ्याचा व्यवहार झाला, बिजागऱ्यांचा एक कंटेनर. आज तोही बरोबर. तेरा होंग रस्त्यावर गेलो. वखारी १८५६ मध्ये जळून गेल्या, आता तिथे कपड्यांचा घाऊक बाजार. हातगाड्या, गठ्ठे, चिकटपट्ट्यांचा आवाज. नवरा खूश, त्याला बाहेर काढायला मलाच वेळ लागला.

पलीकडे शामियान. नदीतल्या वाळूच्या पट्टीवर इंग्रज-फ्रेंचांनी वसवलेलं बेट, वडांच्या सावलीत वकिलातींच्या जुन्या इमारती. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी. सुंदर आहे, चटकन बघून झालं.

नदीकाठच्या बाकावर बसून डॉ. कोटणीसांचा विषय निघाला, सोलापूरकर असल्यावर निघणारच. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला मुंबईहून निघालेलं पाच डॉक्टरांचं हिंदी पथक सप्टेंबर १९३८ मध्ये चीनमध्ये प्रथम या शहरात आलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. सुन यत-सेन यांच्या पत्नी सोंग छिंग-लिंग यांनी त्यांचं स्वागत केलं. पथक उत्तरेकडे गेलं आणि २१ ऑक्टोबरला जपान्यांनी हे शहर घेतलं. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक आमच्या ओळखीचं, पण कँटन म्हणजे बाबांच्या बिजागऱ्यांचं गाव आणि कोटणीसांचं पहिलं मुक्कामाचं गाव एकच, हे मुलांना सांगायचं राहिलंय.

अंधार पडल्यावर समोरचा मनोरा पेटला, ६०० मीटर. २०१० मध्ये बांधून झाला. चिनी सरकारी नाव 'ग्वांगचौ मनोरा', परदेशी पर्यटकांसाठी 'कँटन टॉवर', पुन्हा तीच दोन खाती. फेरीबोटीच्या तिकीटवाल्या पोरीला नवऱ्याने फोनवर टाइप करून विचारलं, तुम्ही काय म्हणता? ती हसली आणि बोलली, 'श्याओ-मान-याव'. सडपातळ कंबरेची. थांग काळातल्या पै चू-यी या कवीच्या घरी श्याओमान नावाची नर्तकी होती, कमरेने प्रसिद्ध. नवऱ्याने दोन तिकिटं काढली आणि मला विचारलं, सोलापुरात गिऱ्हाइकाला सांगायला यातलं कुठलं नाव धरू? मी म्हटलं, बिलावर कँटनच लिही, नाहीतर माल कुठला म्हणून विचारतील.